अनोळखी अवजारांची ओळख : आगरच्या तळ्यापासून बाणावलीच्या संग्रहापर्यंत

बेंगळुरूच्या आग्नेय भागातील एचएसआर लेआउट ही आज नव्या उद्योगांची आणि उंच इमारतींची वसाहत म्हणून ओळखली जाते. होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांच्या आद्याक्षरांवरून तिला हे नाव मिळाले. बेंगळुरू विकास प्राधिकरणाने सात सेक्टरांत आखलेल्या या वसाहतीखाली आगर, सोमसुंदरपाळ्य, परंगीपाळ्य, हरळुकुंटे, मंगम्मनपाळ्य अशा खेड्यांच्या जमिनी गेल्या. उंचवट्याच्या तांबड्या जमिनीत नाचणी आणि तळ्याखालच्या ओलिताच्या पट्ट्यात भात, अशी तेथील शेतीची जुनी मांडणी होती. नकाशावर सरळ रेषांत आखलेल्या चौकांच्या मधूनच ही गावठाणे अजून डोके वर काढतात. गल्ली अचानक अरुंद होते, एखादे ग्रामदैवत रस्त्याला वळण घ्यावयास लावते, आणि कोठे तरी दाराशी दोन्ही टोकांना खळगे असलेला दगडी दंडगोल पडलेला असतो. त्यावर बसून गप्पा मारणाऱ्या तरुणास तो कशाचा, हे सांगता येईलच असे नाही.

शेती गेली की अवजार राहते. आणि अवजार वापरणारा गेला की वस्तू राहते, तिचे काम विस्मृतीत जाते. हा अनुभव एकट्या बेंगळुरूचा नाही. पुण्याभोवती, नाशिक-नागपूरच्या वेशीवर, गोव्याच्या किनाऱ्यावर, जेथे शेताचे भूखंड झाले तेथे तो येतोच. पण ट्रॅक्टर आलेल्या, शेती अद्याप टिकून असलेल्या गावांतही तो येऊ लागला आहे, ही बाब विस्तार कार्यकर्त्यांनी अधिक गांभीर्याने घ्यावी अशी आहे. जुन्या अवजाराची ओळख पटविणे हा केवळ संग्राहकांचा छंद नव्हे. पुष्कळदा त्या वस्तूच्या मापात पेरणीचे अंतर, पाण्याचा वाटा किंवा पिकांची जोडी नोंदलेली असते, आणि ती नोंद दुसऱ्या कोणत्याही कागदावर सापडत नाही.

दगडांची भाषा

सर्वांत टिकाऊ वस्तू दगडाच्या, म्हणून आरंभ तेथून करणे सोयीचे. वर उल्लेखिलेला दंडगोल म्हणजे नाचणीच्या मळणीचा रूळ; कन्नडमध्ये त्याला रोणगल्लु म्हणतात. दोन्ही टोकांच्या खळग्यांत लाकडी चौकटीच्या खुंट्या बसवून तो बैलांकरवी खळ्यावर गोल फिरवीत. इमारतीच्या खांबाच्या तुकड्याशी त्याची गल्लत होते. परंतु खांबाच्या तुकड्याला टोकाच्या नेमक्या मध्यभागी घासून गुळगुळीत झालेला खळगा नसतो. पुष्कळ रुळांचे एक टोक दुसऱ्यापेक्षा किंचित बारीक असते. घडणाऱ्याचा हात चुकला असे वाटण्याचा संभव आहे. पण वर्तुळात फिरणाऱ्या रुळाला आतल्या बाजूस कमी व बाहेरच्या बाजूस अधिक अंतर तोडावे लागते, आणि निमुळता रूळ ते सहज साधतो. अवजाराच्या घडणीत जे वाकडे दिसते ते बहुधा हेतुपूर्वक असते, हे सूत्र येथेच लक्षात ठेवावे.

जात्यांच्या बाबतीतही असेच. वरची तळी जड दगडाची आणि आतल्या अंगाला टाकीचे घाव असतील तर ते पिठाचे जाते. तीच रचना लाकडाची वा भाजलेल्या मातीची, वजनाने हलकी असेल, तर ते भात भरडण्याचे घिरट समजावे. जड दगडाखाली तांदळाची कणी झाली असती. टाकीचे घाव पार झिजलेले असतील तर ते जाते पाथरवटाकडे पुन्हा गेलेच नाही, म्हणजे त्या घरातील दळण गिरणीकडे वळले, इतका कुटुंबाचा इतिहासही त्यातून वाचता येतो.

आगर परिसरातील सर्वांत महत्त्वाचे दगडी साधन मात्र घरात सापडणारे नव्हे. आगर येथे नवव्या शतकातील, गंग राजवटीच्या काळातील शिलालेख आहे. तळ्यांना तूब बसविल्याची आणि नवे तळे बांधल्याची नोंद त्यात आहे. तूब म्हणजे तळ्यातून पाणी सोडण्याची दगडी यंत्रणा. बांधाच्या आतल्या अंगाला दोन उभे दगडी खांब, त्यांना जोडणाऱ्या आडव्या शिळा, प्रत्येक शिळेच्या मध्यभागी एकाखाली एक येणारे छिद्र, आणि तळाशी नळीच्या तोंडावरचे भोक. अशी तिची सर्वसाधारण रचना. छिद्रांतून एक लांब लाकडी दांडा खाली सोडलेला असे आणि त्याच्या टोकाचा निमुळता गुडदा तळाच्या भोकात घट्ट बसे. दांडा किती वर उचलावा यावर पाण्याचा विसर्ग ठरे. हे काम गावाने नेमलेल्या नीरगंटीचे. पांझरेच्या खोऱ्यातील फड पद्धतीत पाटकऱ्याचे जे स्थान, तेच तळ्याकाठच्या गावात नीरगंटीचे.

लाकूड कुजून गेले, तळ्याखालचे भातशेत गेले, आणि उरले ते पाण्यातील किंवा गाळातील दोन खांब. देवळाची पडकी चौकट, झोपाळ्याचे खांब, अशी त्यांची कल्पना करून घेणे अगदी सोपे आहे. ओळखण्याची खूण एकच : वरच्या शिळेच्या छिद्रातून ओळंबा सोडावा. तो खालच्या छिद्रांतून सरळ जात असेल तर तेथे दांडा होता. बेंगळुरूतील तळ्यांच्या पुनरुज्जीवनाची कामे गेली अनेक वर्षे होत आहेत. अशा कामांत गाळ काढणाऱ्या यंत्राखाली तुबाचे दगड आले तर ‘जुने दगड’ म्हणून ते बाजूस टाकले जातील आणि त्यांच्यासोबत नळीची पातळीही हरवेल. ती पातळी म्हणजे त्या तळ्यातील किती पाणी शेतीला आणि किती खाली राखून, याचा गावाने केलेला ठराव होय. महाराष्ट्रात गाळमुक्तीची कामे करणाऱ्या मंडळींनीही जुन्या तलावांच्या मोऱ्या या नजरेने पाहाव्यात.

दोन नळ्या आणि एक पीकपद्धती

आता दगडावरून लाकडाकडे. जुन्या घराच्या आढ्याला खोचलेली हात-दीड हात लांबीची बांबूची नळी सापडते. तिचे एक टोक तिरपे कापलेले असते. ही नळी काय असावी? येथे दोन उत्तरे संभवतात आणि दोन्ही खरी असू शकतात. जनावरांना औषध पाजण्याचा नळा असाच तिरप्या तोंडाचा असतो. फरक आतून पाहावा. औषधाच्या नळ्याचे दुसरे टोक बांबूच्या पेराने बंद असते, कारण त्यात काढा भरून जनावराच्या जबड्यात ओतावयाचा असतो. पेरणीच्या नळीची मात्र सगळी पेरे आतून फोडून आरपार केलेली असतात. बी वरून टाकले की खाली मातीत पडले पाहिजे. तिच्या वरच्या टोकाला वाटीसारखे चाडे किंवा ते बसविल्याच्या खुणा दिसतात, तर खालच्या टोकाला माती घासून आलेली झीज. शिवाय दोरी बांधण्याची खाच असेल तर शंका उरू नये.

ही दोरीची खाच फार बोलकी आहे. नळी हाताने धरून चालावयाचे, पण ती ओढली जाते पाभरीमागे बांधलेल्या दोरीने. विदर्भात तिला सरता म्हणतात, देशावर मोघण किंवा मोघा. पाभर मुख्य पिकाच्या ओळी टाकते आणि मागून चालणारी, बहुधा घरातील स्त्री, त्यांपैकी ठरावीक ओळीत निराळे बी सोडते. म्हणजे सरता सापडला की त्या शेतात मिश्रपीक होते, आणि ते विस्कटून फेकलेले नव्हे तर ओळीने पेरलेले होते, असा निष्कर्ष काढता येतो.

बेंगळुरूच्या परिसरात या पद्धतीला अक्कडी साल म्हणतात. नाचणीच्या शेतात काही ओळींनंतर पावट्याची, तुरीची, कोठे मोहरीची, कारळ्याची वा एरंडाची ओळ असे. फ्रान्सिस ब्युकॅनन हा कंपनीचा वैद्यकीय अधिकारी १८०० साली मद्रासहून निघून म्हैसूरच्या मुलुखातून हिंडला आणि त्याचे प्रवासवर्णन १८०७ मध्ये प्रसिद्ध झाले. नाचणीच्या शेतात काही फुटांच्या अंतराने तास काढून त्यात पावटा किंवा तूर पेरतात, याची त्याने तपशीलवार नोंद केली आहे. नाचणी निघाल्यावर पावट्याला मोकळी जागा मिळते. मागाहूनच्या ओलीवर आणि थंडीच्या दिवसांतील दवावर तो फुलतो, शेंगा धरतो. बेंगळुरूच्या बाजारात डिसेंबर-जानेवारीत पावट्याच्या शेंगांचे ढीग लागतात, त्यामागे हेच वेळापत्रक आहे. कोरडवाहू शेती संशोधनाच्या बेंगळुरू केंद्राने नाचणीच्या आठ ओळींना तुरीच्या दोन ओळी अशी शिफारस केलेली आहे. ओळींचे प्रमाण बदलले, अवजार बदलले. परंतु एकाच शेतात कडधान्याची ओळ राखण्याचा विचार त्या आढ्यात खोचलेल्या नळीतही होता. ती नळी औषधाचा नळा म्हणून नोंदली गेली, तर हा दुवा तुटतो.

पाभरीच्या चाड्याविषयी थोडे अधिक. शहरांतील सजावटीच्या दुकानांत हल्ली तळाशी छिद्रांचे वर्तुळ असलेले लाकडी भांडे दिसते. कोणी त्यात दिवा ठेवतो, कोणी कुंडी करतो. हे चाडे होय. छिद्रे मोजावीत : जितकी छिद्रे तितक्या ओळी. महाराष्ट्रात तीन फणांची तिफण प्रसिद्ध आहे. म्हैसूरकडे नाचणीसाठी सहापासून बारापर्यंत फणांची कूरिगे चालत असे, म्हणून तिकडच्या चाड्याला छिद्रांची दाटी असते. बारीक दाण्याच्या पिकाला जवळच्या ओळी हव्या, ज्वारीला दूरच्या. त्यामुळे फणांमधील अंतर मोजून मुख्य पिकाचा अंदाज करता येतो. दिंडावर (फण बसविण्याच्या आडव्या लाकडावर) दोन वेगवेगळ्या अंतरांची भोके असतील तर त्या शेतकऱ्याने पीकपालट किंवा जमीनपालट केली असावी. येथे दिंड गेले आणि नुसते चाडे उरले, तर निम्मी माहिती नाहीशी होते. संग्रहासाठी देखणे चाडे उचलून ओबडधोबड दिंड सरपणात टाकण्याची सर्रास रीत आहे, ती थांबली पाहिजे.

पाभर ओळखण्यात परकीयांची जी फजिती झाली तीही नमूद करण्याजोगी आहे. इंग्लंडात जेथ्रो टल याने अठराव्या शतकाच्या आरंभी पेरणीयंत्र बनविले आणि ते आधुनिक युरोपचे अपत्य मानले गेले. कॅप्टन टॉमस हॅलकॉट या कंपनीच्या अधिकाऱ्याचाही तसाच समज होता. दक्षिण भारतातील एका शेतात साधी लाकडी पाभर चालताना पाहून तो दूर झाला. तिचे वर्णन आणि नमुने त्याने इंग्लंडातील कृषी मंडळाकडे धाडले आणि त्याचा वृत्तान्त १७९७ मध्ये छापला गेला. वस्तू डोळ्यांसमोर असूनही ती ‘तीच’ आहे हे कळण्यास मनातील अपेक्षा आड येते, हे यावरून दिसते.

नावांचेही असेच आहे. कन्नडमधील कूरिगे आणि कोल्हापूर-सांगलीकडची भातपेरणीची कुरी यांचे नाते कानालाच कळते. कन्नडमध्ये कुळ म्हणजे नांगराचा फाळ; मराठीतील कुळव त्याशेजारी ठेवून पाहावा. कन्नड कुंटे म्हणजे आपला वखर किंवा कुळव, कपिले म्हणजे मोट, हगेवु म्हणजे धान्याचे पेव, मोर म्हणजे सूप, ओनके म्हणजे मुसळ. शहाजीराजांना बेंगळुरूची जहागीर मिळाली ती सतराव्या शतकात; पण शेतीच्या शब्दांची देवघेव त्याहून फार जुनी आणि सीमेच्या दोन्ही अंगांना चाललेली आहे. सीमाभागात काम करणाऱ्यांनी अवजाराचे नाव एकाच भाषेत नोंदवून थांबू नये.

झीज, वजन, हात

पुरातत्त्वज्ञ हेच काम अधिक कठोरपणे करतात. शिरूरजवळच्या इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे गाव उजेडात आले. तेथे पाणी वळविण्याचा बांध आणि पाट यांचेही अवशेष सापडले. जवळच्या वाळकी येथे जनावराच्या हाडापासून केलेले नांगरटीचे साधन मिळाले. नुसते हाड म्हणून ते सहज बाजूस पडले असते. त्याचा आकार आणि मातीने आलेली झीज पाहून ते ओळखता आले. दगडाच्या बारीक पात्यांचेही तसेच. गवत किंवा धान्याचे ताट कापताना त्यातील सिलिकामुळे पात्याच्या धारेला विशिष्ट चकाकी येते, आणि त्यावरून ते विळ्यात बसविलेले पाते होते हे सांगता येते. अवजारावरील झिजेचा असा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करण्याची पद्धती सोव्हिएत संशोधक सेर्गेई सेम्योनोव्ह याने विसाव्या शतकाच्या मध्यास घालून दिली.

गावात सूक्ष्मदर्शक नसतो. परंतु तत्त्व तेच लागू पडते. म्हणून अवजार सापडताच ते घासूनपुसून, तेल वा वॉर्निश लावून चकचकीत करणे ही पहिली चूक. हाताचा तेलकटपणा जेथे मुरला आहे तेथे मूठ होती; दोरीची झीज जेथे आहे तेथे ओढ होती; माती-दगडाची झीज जेथे आहे ते टोक जमिनीत होते. झीज एकाच बाजूस असेल तर वापरणारा उजवा की डावा, किंवा बैलाची जोडी कोणत्या अंगाला वळत असे, हेही कळू शकते. त्यानंतर वजन. एका हाताने उचलता येणारे अवजार दिवसभर फिरविण्याचे असू शकते; दोघांना उचलावे लागणारे अवजार बैलांचे किंवा जागेवर बसविलेले. लाकडाची जात पाहावी. बाभूळ, खैर यांसारखे चिवट लाकूड असेल तर आघात किंवा घर्षण सोसणारे काम. हलके लाकूड असेल तर खांद्यावर किंवा डोक्यावर वाहण्याचे.

आणि हरवलेला भाग कोणता, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. पुष्कळ ‘गूढ’ वस्तू गूढ असतात त्या केवळ अर्ध्या असल्यामुळे. वसू म्हणजे नांगराचा फाळ घट्ट धरणारी लोखंडी कडी. ती सुटी सापडली तर जनावराच्या साखळीचा तुकडा वाटते. शिवळ सुटी सापडली तर खुंटी वाटते. ती जुवाच्या भोकात घालून बैलाची मान आवरणारी काठी आहे हे जू समोर असल्याखेरीज उमगत नाही. कुळवाची पास सुटी असेल तर तिला कोणीही मोठा विळा म्हणेल, मात्र तिची दोन्ही टोके जानोळ्यांत अडकण्यासाठी वळविलेली असतात. मोटेची सोंड कातड्याची, त्यामुळे ती फारशी उरतच नाही. उरते ते विहिरीवरचे चाक आणि थारोळ्याचा दगड.

मापांची ओळख त्या मानाने सोपी, कारण त्यांची परीक्षा पाण्याने होते. दोन निळवी म्हणजे कोळवे, दोन कोळवी म्हणजे चिपटे, दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर. पुढे अडशेरी, पायली, सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. लाकडी वा पितळी भांडे पाण्याने भरून मोजावे आणि त्याच घरातील दुसऱ्या मापाशी त्याचे प्रमाण दुप्पट किंवा निम्मे येते का ते पाहावे. दशमान वजनमापांचा कायदा १९५६ चा आणि अंमल त्यानंतर टप्प्याटप्प्याने झाला; भांड्यावर लिटर-किलोचा छाप असेल तर ते त्यापुढचे. जुन्या मापांचा आकार मात्र गावोगाव वेगळा असल्याने एका गावचा शेर दुसऱ्या गावाला लावू नये. जुन्या पिढीतील शेतकरी ‘एकरी चार पायली बी’ असे सांगतो तेव्हा त्याची पायली समोर ठेवल्यावाचून त्या आकड्याला अर्थ येत नाही.

ओतीव लोखंडाच्या वस्तूंवर अक्षरे असतात आणि ती काळ ठरवितात. बिहारमधील बिहिया येथील लोखंडी लाटांचा उसाचा चरक १८७० च्या दशकापासून देशभर पसरला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार केले, पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे त्यांचे पहिले नांगर विकले जाण्यास बराच काळ लागला. गंजलेल्या तुकड्यावरून खडबडीत कागद लावून पेन्सिल फिरविली तर पुसट अक्षरे उमटतात.

धोकादायक जुनी साधने

जुने ते सारे निरुपद्रवी असे नव्हे. हरितक्रांतीच्या काळातील काही साधने आता ओळखू येत नाहीत आणि त्यांत खरा धोका आहे. कण्याला तिरका बसविलेला, हाताने फिरविण्याचा बंद पत्र्याचा पिंप कोठारात सापडला तर तो लोणी काढण्याचा किंवा धान्य भाजण्याचा समजला जातो. तो बीजप्रक्रियेचा पिंप होय. त्यात त्या काळी पाऱ्याची संयुगे असलेली बुरशीनाशके बियाण्याला चोळली जात. ती पुढे बंद झाली. तसेच पोटाशी बांधून हाताच्या दांड्याने वारा सोडणारे भुकटीचे यंत्र लोहाराच्या भात्यासारखे दिसते. त्यातून बीएचसीची भुकटी धुरळली जाई. बीएचसीवर १९९७ पासून देशात बंदी आहे. अशी साधने उघडू नयेत, फुंकू नयेत, मुलांच्या हाती देऊ नयेत, धान्याच्या किंवा चाऱ्याच्या जागेपासून दूर ठेवावीत. प्रदर्शनात मांडावयाची असल्यास काचेआड. पिंपात पूर्वी काय भरले जाई हे सांगणारा माणूस गावात अजून असतो. चौकशी आजच करण्याचे हे सर्वांत सबळ कारण.

बाणावली आणि पुणे

ओळख पटविण्याचे काम चिकाटीने केल्यास काय साधते याचे उत्तम उदाहरण गोव्यात आहे. बाणावली येथील ‘गोवा चित्र’ हा संग्रह व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी उभा केला. गावोगाव हिंडून मोडीत निघालेली शेतीची आणि घरगुती अवजारे त्यांनी गोळा केली. संग्रहातील वस्तूंची संख्या चार हजारांच्या वर आहे. वस्तू मिळविण्याइतकाच भर त्यांनी ती वापरणाऱ्या वृद्धांकडून तिचे नाव आणि काम समजून घेण्यावर दिला. खाणी, पर्यटन आणि घरबांधणी यांच्या रेट्यात गोव्याची शेती ज्या वेगाने आक्रसली, त्या वेगाशी ही शर्यत होती. पुण्यात दिनकर गंगाधर केळकर यांनी उभारलेला आणि दिवंगत पुत्र राजा याच्या नावाने ओळखला जाणारा संग्रह १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाकडे आला. दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातील भांडी या साध्या वस्तूंना संग्रहालयाचा मान मिळू शकतो, हे मराठी समाजाला त्याने दाखविले. शेतीच्या अवजारांना तेवढा मान अद्याप मिळालेला नाही, असे म्हणणे भाग आहे.

लेखी आधारही आहेत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. तिच्यात नांगर-पाभर-मोटेच्या भागांची नावे प्रदेशनिहाय छटांसह आढळतात. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ १९१५ चे. कोणते अवजार कोणता बलुतेदार घडवी आणि दुरुस्त करी याचा संदर्भ तेथून मिळतो. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने देशी अवजारांचे अखिल भारतीय सर्वेक्षण १९६० मध्ये प्रसिद्ध केले. या पुस्तकांतील शब्द गावातील वृद्धासमोर उच्चारून पाहावा. तो मान डोलवील किंवा तत्काळ दुरुस्त करील, आणि दुरुस्ती अधिक मोलाची.

वृद्धांना विचारण्याचीही एक रीत आहे. ‘हे काय आहे?’ असा प्रश्न टाकला की पाहुण्याला आवडेल असे उत्तर मिळण्याचा संभव असतो. त्यापेक्षा आजोबांच्या वा आजींच्या हातात ती वस्तू द्यावी आणि गप्प राहावे. हात आपोआप जेथे पकडावयाचे तेथे पकडतात, कंबर जितकी वाकवायची तितकी वाकते. त्या हालचालीचे चित्रण शब्दांहून भरवशाचे. पुरुषांना विचारून जे कळत नाही ते स्त्रियांना विचारावे. सरत्याने बी सोडणे, भात भरडणे, बियाणे राखेत घोळून ठेवणे ही कामे त्यांची होती, आणि अवजारांच्या नोंदी करणाऱ्यांनी बहुतेक वेळा बैठकीतल्या पुरुषांनाच गाठले आहे. सुताराचे, लोहाराचे आणि चर्मकाराचे घरही चुकवू नये. ज्याने वस्तू शंभरदा घडविली तो तिचे मोडलेले तुकडे पाहून सांगतो. दोन घरांतून दोन उत्तरे आली तर दोन्ही लिहून ठेवावीत. एकच वस्तू दोन कामांना वापरली जाणे खेड्यात नवलाचे नाही.

नोंद करताना वस्तूचे छायाचित्र मोजपट्टीसह चारी बाजूंनी, लांबी-रुंदी व वजन, छिद्रे असल्यास त्यांची संख्या आणि त्यांतील अंतर, लाकूड, स्थानिक नाव उच्चाराप्रमाणे देवनागरीत, वापरणारा, हंगाम, पीक आणि शेवटचा वापर साधारण कोणत्या वर्षी, इतके पुरेसे होते. सोबत ते ज्या शेतात चालले त्या जमिनीचा प्रकार आवर्जून लिहावा. भारी काळ्या जमिनीतील वखर आणि बरड जमिनीतील वखर दिसायला भाऊ असले तरी पासेची लांबी व वजन वेगळे असते. पोळा, बेंदूर आणि खंडेनवमी या दिवशी जुनी अवजारे पूजेसाठी माळ्यावरून खाली येतात, एरवी मागूनही न दिसणारी वस्तू त्या दिवशी हळदकुंकू लावून अंगणात ठेवलेली असते. कर्नाटकातही आयुधपूजेला तसेच घडते. गावभेटीचे नियोजन करताना या तारखा आधी धराव्यात. पूजा आटोपेपर्यंत मात्र टेप लावू नये.